सोयाबीनच्या कडत्याचा नियम पाच ठिकाणी लिहिलाय, एकाच जागी ठेवायचा तर ओपन सोर्समध्ये काय वापरावं?

पऱ्हाटी | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

राजेहो, प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कम्प्युटरचं काम पाहतो. पाहतो म्हणजे मी एकटाच आहे, प्रिंटरमधे फसलेला कागद काढण्यापासून व्हॉट्सअ‍ॅप बॉटपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आमच्याकडं सोयाबीन दोन रस्त्यानं येते, एक हमीभावाचं खरेदी केंद्र आन् दुसरं कंपनी स्वतः घेऊन तेलाच्या प्लांटला देते. प्लांटचा हिशोब १०-२-२ चा, म्हणजे ओलावा १०, माती-कचरा २, डागी दाणा २, त्याच्या वर गेलं की कडता लागते, म्हणजे तेवढं वजन कापलं जाते.

आता हा कडत्याचा नियम कुठंकुठं लिहून ठेवलाय ते पाहा. काट्यावरच्या कम्प्युटरमधे (जुनं व्हीबी सिक्सचं सॉफ्टवेअर, ज्यानं बनवलं तो फोन उचलत नाही, सोर्स कोड नाही), मुनीमजीच्या एक्सेलमधे, टॅलीत पट्टी (शेतकऱ्याले देतो तो वजन-पैशाच्या हिशोबाचा कागद) चढवताना, गावोगावी फिरणाऱ्या पोट्ट्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधे (फ्लटर), आन् शेतकऱ्याले मेसेज पाठवणाऱ्या बॉटमधे (पायथन). पाच जागा, पाच जणांनी लिहिलेलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली ते आठवत असेल. मी रातच्या रात चार ठिकाणी १२ चे १५ केले. अ‍ॅपमधे राहून गेलं. दोन दिवस आमची पोरं गावात मीटर लावून १३.४ आलेल्या मालाले "नाकारला" दाखवत होती आन् इकडं केंद्रावर १४ चा माल काट्यावर चढत होता. एका काकानं तेवढ्यात गाडी व्यापाऱ्याले दिली, हमीभाव ४८९२ असताना ४१५० नं. त्याहीचा माल होता १८ क्विंटल, तुम्हीच गुणाकार करा. तेव्हापासून ते मले रामराम घालत नाहीत.

तर नियम एकदाच लिहायचा आन् सगळ्या सॉफ्टवेअरनं तोच वाचायचा, असं काही फुकटातलं आहे का? अजून एक भानगड. बॉटचा मेसेज आन् पट्टी यात कधी कधी एक किलोचा फरक येते. कधी येते, कधी नाही. कारण सापडून नाही राहिलं.

एकदम_सिनियर | १७ ऑगस्ट, रात्री ११.१५

सोप्पं आहे, ड्रूल्स टाका. जावामधलं रूल इंजिन आहे, म्हणजे नियम कोडच्या बाहेर लिहायचे आणि ते हे चालवतं. अपाची लायसन्स, आधी रेड हॅटकडं होतं, २०२३ मध्ये अपाची फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये केआयई नावानं गेलं. सोबत डीएमएन मिळतं, म्हणजे निर्णयाचे तक्ते लिहायचं स्टँडर्ड, ओएमजी या संस्थेचं, पहिली आवृत्ती २०१५ ची. तुमच्या मुनीमजींना आवडेल कारण ड्रूल्स एक्सेलमधला तक्ता थेट वाचतं. डावीकडं अटी, उजवीकडं निकाल, एक ओळ म्हणजे एक नियम. आमच्या ऑफिसात विम्याचे चार हजार नियम यावर चालतात.

खटारा_सर्व्हर | १७ ऑगस्ट, रात्री ११.३२

भाऊ चार हजार नियम तुमच्याकडं. याच्याकडं अकरा असतील. त्याच्यासाठी जावाचा सर्व्हर उभा करायचा, तो चोवीस तास चालू ठेवायचा, आन् यवतमाळात थ्री फेजची लाइट रात्री येते 😄. ड्रूल्सच्या पोटात जे रेटे अल्गोरिदम आहे (चार्ल्स फोर्जीनं १९७९ च्या आपल्या प्रबंधात मांडलं), ते हजारो नियम आन् हजारो फॅक्ट एकमेकांत गुंतलेले असले तर कामाचं. इथं काय गुंतलंय, ओलावा वाढला तर वजन कापा.

मी काटे दुरुस्तीचं काम करतो, अमरावती-अकोला पट्ट्यात. पऱ्हाटी, काट्यावर विंडोज कोणतं आहे ते सांग आधी. उत्तर माहीत आहे, तरी सांग.

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, सकाळी ७.०५

विंडोज सात 🙈

लिनक्स_दादा | १८ ऑगस्ट, सकाळी ९.२०

मग वेबअसेंब्ली करा ना. नियम रस्ट भाषेत एकदा लिहायचा, वासम फाइल बनवायची, तीच फाइल ब्राउझरमध्ये, सर्व्हरवर, फोनवर, सगळीकडे. २०१९ च्या डिसेंबरपासून डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत स्टँडर्ड आहे. एक्सटिझम नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे तो नेमका यासाठीच, एकाच वासम प्लगइनला पायथन, गो, जावा, पीएचपी सगळीकडून हाक मारता येते. अस्सल पोर्टेबल हेच, बाकी सगळं नाटक.

तुरीचीशेंग | १८ ऑगस्ट, दुपारी १.४८

दादा, वासम चांगलं आहे, पण मुनीमजींनी ती फाइल उघडली तर त्यांना काय दिसणार? कचरा. नियम बदलला की परत रस्ट येणारा माणूस शोधा. त्या गावात रस्ट म्हणजे टिनाला चढतो तो गंज. पाच सिस्टममध्ये नियम नेता येणं हे अर्धंच काम झालं, पाच माणसांना तो वाचता यायला पाहिजे.

(मी वर्ध्याची, आता नागपुरात, बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर सात वर्षं काढलीत. म्हणून थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.)

पऱ्हाटी, तुझ्या एका किलोचं मला माहितीय बहुतेक. कडता तुम्ही पूर्ण किलोत धरता का? म्हणजे ४४.३ आला तर ४४, ४४.७ आला तर ४५? असं असेल तर हे करून बघ. बारदान वजा जाता १७८० किलो माल, ओलावा १२.५, म्हणजे १० च्या वर अडीच टक्के. १७८० चे अडीच टक्के बरोब्बर ४४.५ होतात. आता एक्सेलच्या सेलमध्ये राउंड लाव, ४५ येईल. पायथनमध्ये राउंड लाव, ४४ येईल. पायथन अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. व्हीबी सिक्सचा राउंड पण तसाच, ४४. तुझ्या फ्लटर अ‍ॅपमधलं डार्ट ४५ देणार. आणि गंमत म्हणजे त्याच एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून व्हीबीएचा राउंड वापरला तर ४४.

आता दुसरी गाडी, १८२० किलो, ओलावा तोच. कडता ४५.५. सगळीकडे ४६. सम संख्या वरच्याच बाजूला होती ना. म्हणून तुला कधी फरक दिसतो, कधी नाही.

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, दुपारी २.१०

थांब थांब करून पाहतो

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, दुपारी २.३६

बाप्पा. ४४ आन् ४५. दोन वर्ष झाले मी बॉटमधे बग शोधून राहिलो. ४१५० च्या भावानं त्या एका किलोचे साडेएकेचाळीस रुपये होतात, आन् शेतकरी मोबाइलमधला मेसेज दाखवते की यात १७३६ किलो लिहिलं, पट्टीवर १७३५ काहून? आमचे साहेब म्हणत होते सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.

मुनीम_निवृत्त | १८ ऑगस्ट, सायं. ६.१५

मी बाजार समितीत अडत्याकडे ३१ वर्षे मुनीम होतो. आता नातवाच्या फोनवरून लिहितो. अर्ध्याच्या वर किंवा बरोबर अर्धा असला तर पुढचा आकडा धरायचा, अर्ध्याच्या खाली असला तर सोडून द्यायचा, ही आमची रीत. ती कुठे लिहिलेली नव्हती, वरिष्ठ मुनिमाने शिकवली. पण काही अडते कडता असला तर पुढचा आकडा धरत आणि रक्कम असली तर मागचा. म्हणजे दोन्हीकडून शेतकऱ्याचेच जाई. तेव्हा कम्प्युटरने चूक केली असे म्हणू नका, तुमच्या कंपनीची रीत कोणती हे आधी संचालकांकडून ठरावात लिहून घ्या. आम्हाला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ होती. अडीच टक्के तोंडी निघत, आणि दहा दुकानांत दहा मुनीम असले तरी उत्तर एकच येई.

एक्सेल_अमर_रहे | १८ ऑगस्ट, सायं. ७.०२

आजोबांना +१. एवढं सगळं करण्यापेक्षा एक एक्सेल शीट गूगल ड्राइव्हवर टाका आणि सगळ्यांना सांगा इथूनच बघा. विषय संपला.

खटारा_सर्व्हर | १८ ऑगस्ट, सायं. ७.१०

काट्यावर नेट आहे का विचार आधी त्याले

तुरीचीशेंग | १८ ऑगस्ट, रात्री ९.३०

बरं, टूलकडे येते. तुझ्या आकाराच्या कामाला मला तीन पर्याय दिसतात, ओपा वगैरे बाजूला ठेवते, ते "कोणाला काय करायची परवानगी" याच्यासाठी जास्त चांगलं, त्याची रेगो भाषा शिकायची म्हणजे डोक्याला ताप. गूगलची सीईएल पण आहे, कुबरनेटीसमध्ये वापरतात, तिच्यात लूपच अडकत नाही अशी रचना आहे, पण ती एकेका ओळीच्या अटीसाठी.

पहिला, जेसनलॉजिक. नियम म्हणजे नुसता जेसन (माहिती साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत), "जर ओलावा १० पेक्षा जास्त तर असं कर, नाहीतर शून्य" हे कंसात कंस घालून लिहायचं. एमआयटी लायसन्स. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, डार्ट, सगळ्यांत वाचणारे पोर्ट आहेत. इंजिन इतकं बारीक की फोनच्या अ‍ॅपमध्ये बसतं, नेट नसलं तरी चालतं. दुसरा, गोरूल्सचं झेन इंजिन. रस्टमध्ये लिहिलंय पण नोड, पायथन, गो मधून वापरता येतं, आणि तक्ते बनवायला सुंदर एडिटर आहे, तेही ओपन. तिसरा, डीएमएन, ज्याचं सिनियर भाऊंनी सांगितलं. डीएमएनची एक गोष्ट मला फार आवडते, त्याची फील नावाची भाषा आकडे दशमान पद्धतीनं धरते, ३४ अंकांपर्यंत, म्हणजे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ च येतं, जावास्क्रिप्टसारखं ०.३०००…४ नाही. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एकच उत्तर देतात का हे तपासायला हजारो टेस्टचा एक सामायिक ओपन संच आहे, टीसीके म्हणतात.

आता जेसनलॉजिकमधला खड्डा. त्याच्यात राउंड हे ऑपरेशनच नाही. लोक आपापल्या भाषेतला राउंड जोडतात आणि परत तेच ४४-४५. नियम पोर्टेबल झाला, गणित नाही झालं.

उपाय आहे. पॉइंटवाले आकडे नियमात येऊच देऊ नको. ओलावा १२.५ असला तर १२५ लिही. १० च्या वर किती, २५. किलोला या २५ नं गुण, १७८० गुणिले २५ = ४४५००. हे थेट ग्रॅम आलेत बघ, ४४ किलो ५०० ग्रॅम, कुठं भागाकारच नाही. आता पूर्ण किलो करायचा तर ५०० मिळव, ४५०००. याला हजारानं भागून उरते ती बाकी वजा कर. बाकी शून्य, उत्तर ४५ किलो. बेरीज, गुणाकार आणि बाकी, हे धन पूर्णांकावर सगळ्या भाषांत सारखंच येतं आणि जेसनलॉजिकमध्ये तिन्ही आहेत. मुनीम काकांची "बरोबर अर्धा असला तर पुढचा" ही रीत त्या ५०० मध्ये लिहिली गेली.

मुनीम_निवृत्त | १८ ऑगस्ट, रात्री ९.५५

हे मला समजले. आम्ही पण शेर-छटाकात असेच करायचो, अपूर्णांक ठेवायचाच नाही, खालच्या मापात उतरायचे.

एकदम_सिनियर | १९ ऑगस्ट, सकाळी ८.४०

मान्य. पण एक सांगतो, तारीख विसरू नका. ती १५ टक्क्याची सूट त्या हंगामापुरती होती. उद्या कोणी गेल्या वर्षीची पट्टी परत छापून मागितली, ऑडिटला म्हणा की भांडणात म्हणा, तर तेव्हाचाच नियम लागला पाहिजे. प्रत्येक नियमाला "कधीपासून, कधीपर्यंत" असे दोन रकाने द्या आणि जुना नियम खोडू नका, खाली नवीन ओळ लिहा. आणि तारीख कोणती धरणार, मोजमापाची, टोकन काढल्याची की पट्टीची? आमच्याकडं विम्यात या एका प्रश्नावर दीड महिना मीटिंगा चालल्या होत्या.

पऱ्हाटी | १९ ऑगस्ट, सकाळी ९.१५

मोजमापाची. म्हणजे मले तसं वाटते. विचारतो.

लिनक्स_दादा | १९ ऑगस्ट, सकाळी ११.००

हा त्रास सरकारांनाही आहे बरं का. फ्रान्समध्ये २०११ पासून ओपनफिस्का चालू आहे, कर आणि भत्त्यांचे कायदे पायथनच्या कोडमध्ये, सगळं ओपन, त्यात प्रत्येक आकड्याला तारीख लावलेली असते, अगदी सिनियर म्हणतात तसं. तिथल्याच इन्रिया संस्थेत काताला नावाची भाषा बनली, तिच्यात कायद्याचं कलम वर आणि त्याचा कोड लगेच खाली, वकील आणि प्रोग्रामर शेजारी बसून लिहितात. (वासमचा हट्ट सोडलाय असं नाही.)

खटारा_सर्व्हर | १९ ऑगस्ट, दुपारी १२.२२

मग पऱ्हाटीनं मुनीमजीले शेजारी बसवावं. आता काट्याचं माझ्याकडून ऐक. त्या व्हीबीच्या सॉफ्टवेअरले सोर्स नाही तर त्याच्यात घुसायच्या भानगडीत पडू नको. मास्टरमधे जाऊन कडता शून्य करून टाक. काट्यानं फक्त वजन करावं, बस. ती सॉफ्टवेअरं वजन बहुतेक अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमधे लिहितात, ती फाइल पायथननं वाच आन् पट्टी बाहेरून छाप. विंडोज सातवर पायथन ३.८ टाकजो, त्याच्यावरचं चढत नाही. आन् त्या मशीनले नेट जोडू नको, तेवढं पुण्य कर.

पऱ्हाटी | ३१ ऑगस्ट, रात्री ११.५०

पोळा झाला, आता बसलो. संचालकांची मीटिंग झाली. अर्धा किलो पुढं की मागं यावर पाऊण तास गेला. एक संचालक म्हणे कडता आहे ना, मग शेतकऱ्याच्या बाजूनं मागं धरा, दुसरे म्हणे प्लांट आपल्याले पुढं धरून कापते तर आपण काहून सोडावं. शेवटी "बरोबर अर्धा असल्यास शेतकऱ्याच्या लाभात" असा ठराव झाला. म्हणजे शेंगताईच्या ५०० च्या जागी ४९९. एक आकडा बदलला अन् झालं.

मुनीमजी तीन दिवस माझ्याजवळ बसले. त्याहीनं जुन्या पट्ट्यांच्या कार्बनच्या वह्या आणल्या, त्यातल्या २१४ पट्ट्या निवडल्या, मुद्दाम अडचणीच्या: पावसात भिजलेला माल, बरोब्बर १० ओलावा, ओलावा कमी पण माती तीन टक्के, एका गाडीत दोन भावांचा माल. जुन्या रितीच्या पट्ट्यांचं उत्तर नव्या ठरावानं काय येईल ते त्याहीनं पेनानं बाजूले लिहिलं. त्या २१४ ओळी मी एका सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) टाकल्या. नियम जेसनलॉजिकमधे, एक फाइल, तारखेसकट. बॉट आन् अ‍ॅप दोन्ही तीच फाइल वाचतात आन् दोघायले त्या २१४ मधून जावं लागते.

पहिल्यांदा चालवलं तर अ‍ॅप २१४ पैकी २१४. पायथनमधे तिसऱ्याच ओळीले एरर देऊन बसलं. मीटरचा आकडा कुठंतरी अक्षरं म्हणून येऊन राहिला होता. जावास्क्रिप्टच्या रितीनं चालणारं पोर्ट "१२५" या अक्षरांले गुपचूप आकडा समजून घेते, पायथन म्हणते अक्षर आन् आकडा मी तोलत नाही. अर्धा दिवस त्यात गेला. आता आत येतानाच आकडा करून घेतो.

तुरीचीशेंग | १ सप्टेंबर, सकाळी ७.३०

वा! आणि ती सीएसव्ही जप रे बाबा, नियमाच्या फाइलपेक्षा जास्त. उद्या जेसनलॉजिक सोडून झेनवर गेलास की डीएमएनवर गेलास तरी ती सोबत नेता येईल.

एक्सेल_अमर_रहे | १ सप्टेंबर, सकाळी १०.१२

सीएसव्ही एक्सेलमध्येच उघडणार ना शेवटी 😌

पऱ्हाटी | ६ डिसेंबर, रात्री ९.२५

हंगाम अर्धा झाला म्हणून सांगतो. यंदा (२०२५-२६) हमीभाव ५३२८ झाला, तो एकाच फाइलमधे एका ओळीत बदलला, रात्री साडेनऊले जेवायले घरी होतो. काटा आता फक्त वजन करते. मेसेज आन् पट्टीत किलोचा फरक अजून एकदाही नाही आला, म्हणजे कोणी दाखवायले तरी नाही आलं.

लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न उरला होता. त्याच फाइलवरून एक कागद छापला, ओलावा १०.० पासून २०.० पर्यंत दशांशा-दशांशानं, एकशे एक ओळी, आडवे रकाने वजनाचे. लॅमिनेट करून काट्याच्या खोलीत खिळ्याले लटकवला. खाली बारीक अक्षरात फाइलची तारीख, म्हणजे जुना कागद लगेच ओळखू येते. मुनीमजी त्याले "तयार हिशोब" म्हणतात आन् लाइट असली तरी त्यातच पाहतात, स्क्रीनकडं नाही.

टॅलीचं अजून हातानंच चालू आहे. आन् एक राहिलं, हमाली. परवा एका पट्टीवर बॉटनं हमाली ११२.५० लावली, मुनीमजीनं ११२ केली, दुसऱ्या दिवशी तशाच पट्टीवर ११३. विचारलं तर म्हणे हमाल कोण होता त्यावर आहे.

तुरीचीशेंग | ६ डिसेंबर, रात्री ९.४०

😂😂 तो नियम फाइलमध्ये कसा लिहिणार

खटारा_सर्व्हर | ६ डिसेंबर, रात्री ९.५८

सोमवारी बसून नीट विचारून घे बे. मुनीमजी संक्रांतीले पोरीकडं पुण्याले जातात म्हणत होता ना तू.